‘लॉर्ड’ म्हणजे भाकरीचा राखणदार

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत न्यायालयांतील ‘माय लॉर्ड’ या संबोधनाविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. हे संबोधन बंद व्हावे, हे लेखकाचे मत मला मान्य आहे. परंतु त्या मताच्या पुष्ट्यर्थ ‘लॉर्ड’ या शब्दाची जी कुळकथा त्यांनी दिली आहे, तिच्यातील एकही कलम टिकणारे नाही. ‘लॉर्ड’ म्हणजे मुळात देव, म्हणून माणसाला लॉर्ड म्हणणे हे दैवतीकरण. हा शब्द 1066 साली फ्रान्सातून आलेल्या नॉर्मन जेत्यांनी इंग्लंडवर लादला, म्हणून तो जन्मापासूनच जेत्यांचा. आपल्याकडचा ‘लाटसाहेब’ प्राचीन लाट देशावरून आला. आणि लंडनचे लॉर्ड्स मैदान उमरावांच्या मालकीचे असल्यामुळे त्याला ते नाव पडले, अशी ही चार कलमे आहेत. मी एका जिल्ह्याच्या न्यायालयात अनुवादक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. साक्षी, निशाण्या (म्हणजे पुराव्यात दाखल होऊन क्रमांक पडलेले कागद) आणि निकालपत्रे मराठीतून इंग्रजीत नेऊन अपिलाची पेपरबुके, म्हणजे वरच्या न्यायालयासाठी बांधलेले कागदांचे संच, तयार करणे हे माझे काम होते. त्यामुळे या शब्दाशी माझा संबंध जरा जवळचा आहे, आणि त्याचा खरा अर्थ ठाऊक नसल्याने माझ्या हातून एकदा चूकही झालेली आहे. ती पुढे सांगतोच.

मैदानाचे कलम आधी निकालात काढतो, कारण त्याला फार शाई लागणार नाही. लॉर्ड्स हे नाव टॉमस लॉर्ड या गृहस्थाच्या आडनावावरून आले. त्याने 1787 साली आपले पहिले मैदान सुरू केले, आणि आज आपण पाहतो ते मैदान 1814 पासूनचे आहे. तेथे उमराव खेळत असतील, बसत असतील, पण नाव त्यांचे नव्हे. आपल्या दिलीप वेंगसरकरांनी 1979, 1982 आणि 1986 अशा तीन दौऱ्यांत तेथे तीन शतके काढली, ती सर्व या टॉमसरावांच्या मैदानावर.

आता मुख्य शब्दाकडे येतो. इंग्रजीच्या अगदी जुन्या अवस्थेत, म्हणजे साधारणपणे नॉर्मन स्वारीपूर्वीच्या पाच-सहा शतकांत, हा शब्द ‘ह्लाफोर्द’ असा लिहिला जात असे, आणि त्याच्याही मागचे रूप ‘ह्लाफवेअर्द’ असे आहे. हा सरळ सरळ सामासिक शब्द आहे. ‘ह्लाफ’ म्हणजे भाकरी किंवा पाव, आणि ‘वेअर्द’ म्हणजे राखणारा. भाकरीची राखण करणारा, ज्याच्या ताब्यात घरची भाकरी आहे आणि जो ती वाटून देतो, तो ह्लाफोर्द. ‘ह्लाफ’मधला ‘फ’ दोन स्वरांमध्ये आला की त्याचा उच्चार ‘व’ होत असे. आजही इंग्रजीत एक ‘लोफ’ आणि अनेक ‘लोव्हज’ होतात, ते याच जुन्या सवयीमुळे. पुढे सुरुवातीचा ‘ह’ गळाला, मधला ‘व’ काही काळ ‘लोवर्ड’ अशा रूपात रेंगाळला आणि मग तोही गेला. उरला तो एका अक्षरात मावणारा ‘लॉर्ड’. स्कॉटलंडमध्ये याच शब्दाचा ‘लेअर्ड’ झाला. इंग्रजांनी पुढे रोजच्या भाकरीसाठी ‘ब्रेड’ हा दुसरा शब्द उचलला आणि ‘लोफ’ केवळ अख्ख्या पावापुरता ठेवला, त्यामुळे ‘लॉर्ड’च्या पोटात भाकरी आहे, हे खुद्द इंग्रजांनाही आता ऐकू येत नाही.

‘ह्लाफवेअर्द’ हे पूर्ण रूप जुन्या लिखाणात फार दुर्मिळ आहे. ते सापडते एका स्तोत्राच्या जुन्या इंग्रजी पद्यानुवादात. ज्या योसेफाने इजिप्तमध्ये दुष्काळापूर्वी धान्याची कोठारे भरून ठेवली, त्याला राजाने आपल्या घराचा कारभारी नेमले, असे ते कडवे आहे. कोठाराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसासाठी भाकरीचा राखणदार हा शब्द यावा, यापेक्षा चपखल जागा त्याला कुठली मिळणार!

त्यातील ‘वेअर्द’ आपल्याही घरात वावरतो आहे, हे जाता जाता सांगायला हवे. इस्पितळाचा वॉर्ड, महानगरपालिकेचा वॉर्ड, वसतिगृहाचा वॉर्डन हे सगळे तोच राखणारा. हाच जर्मानिक शब्द फ्रेंचांकडून फिरून ‘गार्ड’ झाला आणि आपल्याकडे येऊन ‘गारद’. म्हणजे पहाऱ्यावरची गारद आणि लॉर्ड या शब्दाचे शेपूट एकाच घरचे आहेत.

आता मराठीत याला काय म्हणावे? शब्दकोश ‘सरदार’, ‘उमराव’, ‘प्रभू’, ‘स्वामी’ असे पर्याय देतात आणि ते आजच्या अर्थाला धरून बरोबरही आहेत. पण मूळ शब्दाची चव ज्यात उतरते असा शब्द आपल्याकडे तयार आहे, तो म्हणजे ‘पोशिंदा’. ‘लाख मेले तरी चालतील, पण लाखांचा पोशिंदा जगला पाहिजे’, हे पावनखिंडीच्या कथेसोबत आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात राजाला राजा म्हटलेले नाही, छत्रपती म्हटलेले नाही. ज्याच्यामुळे लाखांच्या ताटात भाकरी पडते तो, असे म्हटले आहे. इंग्लंडात 991 साली माल्डनच्या लढाईत इंग्रजांचा सेनानायक बिर्हटनॉथ पडल्यावर त्याचे निष्ठावंत सोबती मागे न फिरता लढून मेले, आणि त्या लढाईवरच्या जुन्या काव्यात ते त्याला ह्लाफोर्द म्हणतात. संस्कृताकडे गेलो तर जोडी आणखी जुळते. भरणपोषण करणारा तो ‘भर्ता’, आणि ज्याचे भरणपोषण करायचे तो ‘भृत्य’. एकाच ‘भृ’ धातूची दोन टोके. भर्त्याचा मराठीत ‘भ्रतार’ झाला आणि अर्थ नवऱ्यापुरता उरला. ह्लाफोर्दही जुन्या इंग्रजीत घरधन्याला आणि नवऱ्याला म्हटले जाई. आपल्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचा उल्लेख ‘आमचे धनी’, ‘आमचे मालक’ असा करत, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

भर्त्याला जसा भृत्य, तसा ह्लाफोर्दालाही जोडीदार होता. केंटचा राजा एथेलबर्ट याची कायदेसंहिता इसवी सन 600 च्या सुमाराची आहे. इंग्रजी भाषेत रचलेला हा सर्वांत जुना कायदा, आणि तो आपल्यापर्यंत पोचला तो रॉचेस्टर येथे जपलेल्या बाराव्या शतकातील हस्तलिखितामुळे. त्यात एक कलम असे आहे, की कोणी एखाद्या ‘चेओर्ल’च्या ‘ह्लाफॅता’ला ठार मारले, तर त्याने सहा शिलिंग भरपाई द्यावी. ‘चेओर्ल’ म्हणजे साधा स्वतंत्र शेतकरी, आणि ‘ह्लाफॅता’ म्हणजे शब्दशः भाकरी खाणारा. पुरवणीतील लेखकाने हे कलम वाचले असते तर ‘देव’ आणि ‘जेते’ ही दोन्ही कलमे त्यांनी बहुधा स्वतःच खोडली असती. कारण येथे भाकरी देणारा देव नाही, राजा नाही, उमरावही नाही. चार बैल बाळगून असलेला कुणबी आहे, आणि भाकरी खाणारा त्याच्या घरचा गडी आहे. स्वतंत्र माणसाच्या खुनाची भरपाई त्याच संहितेत शंभर शिलिंग आहे. भाकरी खाणाऱ्याची किंमत सहा, हेही विसरू नये. या शब्दात माया आहे असे मी म्हणत असेन, तर तिचा भाव काय होता तोही याच कायद्यात लिहून ठेवलेला आहे.

माझी चूक याच ठिकाणची. जमिनीच्या ताब्याचा एक जुना दावा होता. जमीन कसणारा प्रतिवादी म्हणत होता की मी कूळ आहे. मालकाचे वारस म्हणत होते की तो आमच्या वडिलांचा सालगडी होता. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1948 या कायद्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या फरकाचे मोल सांगायला नको. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ मानला जातो, पण रोख किंवा जिनसात मजुरी घेणारा नोकर त्यातून वगळलेला आहे. मालकाच्या वारसांनी एक जुने पोस्टकार्ड हजर केले होते, आणि त्यावर निशाणी पडली होती. प्रतिवादीच्या वडिलांनी गावातील कोणाकडून तरी ते लिहवून घेतले होते. अक्षर मास्तरी वळणाचे, शाई विटकी, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि मजकूर सहा ओळींचा. मुलीच्या लग्नासाठी उचल मागितली होती, आणि मागताना लिहिले होते, ‘मालक, हाडं आमची असली तरी त्याच्यावरचं मास तुमच्या भाकरीचं हाय.’

या ओळीचे इंग्रजी काय करावे, यावर मी अर्धी दुपार घालवली. शब्दशः केले तर उच्च न्यायालयात हसे होईल, अशी मला भीती वाटली. भाकरीला ‘ब्रेड’ म्हणावे तर ज्वारीची भाकरी डोळ्यासमोर येत नाही, आणि हाडामांसाची भाषा इंग्रजीत एकदम खाटिकखान्यात जाते. अखेरीस मी ‘मी आपल्या नोकरीत राहून वाढलो’ अशा अर्थाचे एक स्वच्छ, इस्त्री केलेले वाक्य टंकून टाकले. वरिष्ठांनी ते वाचले, मान डोलावली, आणि कागद पुढे गेला. ज्या प्रश्नावर सगळा दावा उभा होता, तो माणूस नोकर होता की कूळ होता, त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या भाषांतराने परस्पर देऊन टाकले, हे माझ्या लक्षात आले ते फार उशिरा. मूळ ओळीत ‘नोकरी’ हा शब्द नव्हता. कूळही मालकाला तसे म्हणू शकला असता. आमच्या भागात बलुतेदार म्हणत, वाटेकरी म्हणत, मालकाच्या चुलत घराण्यातले गरीब भाऊबंदसुद्धा म्हणत. सुदैवाने दाव्यात इतर कागद पुष्कळ होते आणि निकाल त्या एका ओळीवर लागला नाही.

निवृत्तीनंतर जुन्या इंग्रजीच्या एका कोशात ‘ह्लाफॅता’ हा शब्द मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मला ते पोस्टकार्ड आठवले. ‘नोकर’, ‘गडी’, ‘आश्रित’ यांपैकी कोणत्याही एका खणात न बसणारे, भाकरी खाण्यावरून ओळखले जाणारे नाते इंग्रजीत चौदाशे वर्षांपूर्वी होते आणि त्याला कायद्यात शब्दही होता. पुढे तो शब्द मेला. तो जिवंत असता, तर माझे काम एका शब्दात झाले असते. गंमत अशी की भाकरी खाणाऱ्याचा शब्द मेला आणि भाकरी देणाऱ्याचा तेवढा मोठा होत होत उमरावांच्या सभागृहात जाऊन बसला. शब्दांच्या बाबतीतही वाटप फारसे न्याय्य झालेले दिसत नाही.

‘लॉर्ड म्हणजे मुळात देव’ या कलमाविषयी दोन गोष्टी नमूद करतो. जुन्या इंग्रजी काव्यात देवासाठी नेहमीचा शब्द ‘द्रिहतेन’ हा होता. तो योद्ध्यांच्या टोळीच्या नायकावरून आलेला. ह्लाफोर्द हा घरातल्या, गावातल्या धन्याचा शब्द. तो देवासाठीही वापरला जाऊ लागला तो लॅटिन ‘दोमिनुस’चे भाषांतर म्हणून, आणि द्रिहतेन हळूहळू प्रचारातून गेल्यावर ती जागा संपूर्णपणे त्याची झाली. म्हणजे माणसाचा शब्द देवाला दिला गेला. देवाचा माणसाला नव्हे. दोमिनुस तरी कोण? ‘दोमुस’ म्हणजे घर, त्याचा धनी. आपल्या ‘दंपती’ शब्दातला ‘दम्’ हा त्याच घराचा वाचक आहे. दंपती म्हणजे मुळात घराचे धनी. गोव्यातील दोना पावलाच्या नावातली ‘दोना’ ही त्याच दोमिनुसची पोर्तुगीज लेक होय.

दुसरी गोष्ट मला अधिक हृद्य वाटते. जिला इंग्रजीत ‘लॉर्डची प्रार्थना’ म्हणतात, त्या ख्रिस्ती प्रार्थनेत रोजच्या अन्नाचे मागणे आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या शुभवर्तमानांच्या जुन्या इंग्रजी अनुवादात तेथे ‘ह्लाफ’ हाच शब्द आहे. म्हणजे त्या काळचा शेतकरी भाकरीच्या राखणदाराकडे भाकरीच मागत होता, आणि दोन्ही शब्द त्याच्या कानाला एकाच घरचे लागत होते. मराठी बायबलच्या अनुवादकांनी तेथे ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे केले. समोर पोर्तुगीजांनी आणलेला पाव हजर असताना त्यांनी भाकर निवडली, याबद्दल त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पावाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, की आपला ‘पाव’ ज्या लॅटिन ‘पानिस’पासून पोर्तुगीजांमार्फत आला, त्याच पानिसपासून, एकत्र बसून पाव खाणारे या अर्थाने, ‘कंपनी’ हा शब्द फ्रेंचांमार्फत इंग्रजीत गेला. कंपनी सरकारच्या पोटात पाव होता आणि तिने पाठवलेल्या लॉर्डांच्या पोटात भाकरी! आपल्या ताटात काय उरले, हा इतिहास वेगळा आहे.

नॉर्मन जेत्यांचे कलम तर नेमके उलटे आहे. 1066 नंतर इंग्लंडच्या सत्तेची बहुतेक परिभाषा फ्रेंच झाली. ड्यूक, मार्क्विस, व्हायकाउंट, बॅरन हे सगळे किताब तिकडून आले. त्या लोंढ्यात जे थोडे देशी शब्द तगून राहिले, त्यांत किंग, क्वीन, अर्ल यांच्याबरोबर लॉर्ड आणि लेडी हे दोन आहेत. आपल्याकडे वजीर, सरदार, सुभेदार आले तरी पाटील गावात टिकून राहिला, तसे ते टिकले. लॉर्ड हा जेत्यांचा शब्द नव्हे, जितांचा आहे. आणि नॉर्मन येण्याच्या कितीतरी आधीच नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या कायद्याने, बहुतेक गुन्ह्यांना पैशांची भरपाई चालत असताना, आपल्या ह्लाफोर्दाशी केलेला द्रोह मात्र त्यातून वगळला होता. खाल्ल्या मिठाला न जागण्याला त्या कायद्यात माफी नव्हती.

लेखकाने ‘लेडी’कडे अजिबात लक्ष दिलेले नाही, आणि माझ्या मते या जोडीतला अधिक रसाळ शब्द तोच आहे. त्याचे जुने रूप ‘ह्लॅफदिये’. पुढचा ‘ह्लॅफ’ म्हणजे तीच भाकरी; मागचा ‘दिये’ म्हणजे मळणारी. कणीक मळणारी ती लेडी. ‘डो’ म्हणजे मळलेली कणीक, आणि ‘डेअरी’ म्हणजे मुळात अशा मळणाऱ्या, घुसळणाऱ्या कामकरी बाईची जागा, हे दोन इंग्रजी शब्द त्याच मुळाचे आहेत. या मुळाचा पसारा फार मोठा आहे. लिंपणे, मळणे, हाताने आकार देणे असा त्याचा अर्थ, आणि संस्कृतात त्याचा धातू ‘दिह्’. त्यापासून आपला ‘देह’ झाला, जणू मातीचा मळून घडवलेला गोळा. आणि त्यापासूनच ‘संदेह’ आणि ‘संदिग्ध’, म्हणजे एकमेकांत असे लिंपून गेलेले, की काय ते वेगळे ओळखू येत नाही. इराणी भाषेत यापासून मातीची भिंत झाली, भिंतीने वेढलेली बाग झाली, आणि ग्रीकांच्या हातून तिचाच ‘पॅरडाइज’ झाला. मात्र येथे एक इशारा देणे भाग आहे. हे वाचून ‘लेडी हा शब्द संस्कृत देहापासून निघाला’ असा मजकूर भ्रमणध्वनीवर फिरू लागेल, अशी मला धास्ती वाटते. तसे नाही. दोघी एका आजीच्या नाती आहेत. एक दुसरीची मुलगी नव्हे.

कणीक मळणारी ही बाई पुढे कुठवर पोचली? आल्फ्रेडच्या वेसेक्स राज्यात राजाच्या पत्नीला ‘क्वीन’ म्हणू देत नसत, तिला ‘ह्लॅफदिये’ म्हणत. आणि आल्फ्रेडची मुलगी एथेलफ्लॅड ही नवऱ्याच्या निधनानंतर 911 पासून 918 पर्यंत मर्सिया प्रांताचा कारभार स्वतः पाहत होती. तिने तटबंदीची गावे वसवली, डेन लोकांकडून डर्बी घेतले, आणि इतिहासात तिची पदवी आहे ‘मर्सियावासीयांची ह्लॅफदिये’. किल्ले बांधणाऱ्या या बाईच्या पदवीत परातीतली कणीक आहे. आपल्याकडे या शब्दाचे अनेकवचन अधिक रुळले, आणि तेही आगगाडीमुळे: लेडीज डबा. पश्चिम रेल्वेने 1992 साली चर्चगेट-बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू केली. पहाटे उठून कणीक मळून, पोळ्यांचे डबे भरून ज्या बायका ती गाडी धरत आल्या आहेत, त्यांच्याइतका हा शब्द आणखी कोणाला शोभला असेल असे मला वाटत नाही.

‘लाटसाहेब’ आणि लाट देश यांविषयी मात्र स्पष्टच लिहावे लागेल. दक्षिण गुजरातेला प्राचीन काळी लाट म्हणत, हे खरे. त्याचा आणि साहेबाचा काडीचा संबंध नाही. ‘लॉर्ड’चा उच्चार हिंदुस्थानी जिभेवर ‘लाट’ असा बसला. गव्हर्नर जनरल तो मोठा लाट, सरसेनापती तो जंगी लाट, आणि मग कोणीही ऐटबाज माणूस ‘लाटसाहेब’ झाला. ‘तू काय मोठा लाटसाहेब लागून गेलास?’ हे आमच्या वडिलांचे सकाळी उशिरा उठणाऱ्या मुलासाठी ठरलेले वाक्य होते. लोकांनी पदवीची चौकशी न करता सगळ्याच बड्या गोऱ्यांना लाट केले, आणि ती सवय सुशिक्षितांतही उरली आहे. पुष्कळ मराठी लेखांत ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ असे छापलेले दिसते. 1819 ते 1827 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट हे एका लॉर्डचे धाकटे चिरंजीव होते, स्वतः लॉर्ड कधीच नव्हते. 1853 ते 1860 या काळात गव्हर्नर असलेले दुसरे एल्फिन्स्टन हे लॉर्ड. ज्या स्थानकाचे नाव 2018 साली प्रभादेवी झाले, त्याचे आधीचे नाव या दुसऱ्यांचे. तरीही माउंटस्टुअर्टसाहेबांच्या बाजूने एक सांगता येईल. ‘स्टुअर्ट’ हे नाव ‘स्टुअर्ड’चे रूप आहे, स्टुअर्ड म्हणजे ‘स्तिगवेअर्द’, आणि त्यातला ‘वेअर्द’ हा ह्लाफवेअर्दमधलाच. पूर्ण लॉर्ड नसले तरी अर्धा लॉर्ड त्यांच्या नावात होता.

भाकरीपासून निघालेला शब्द मराठीत येऊन नेमका ‘लाट’ व्हावा, जिच्या शेजारीच पोळी ‘लाटणे’ आणि दुसऱ्याचे धन ‘लाटणे’ ही दोन क्रियापदे बसलेली आहेत, हा निव्वळ योगायोग आहे. त्यावर कोणी व्युत्पत्ती उभारू नये. विनोद उभारायला माझी हरकत नाही.

राहिला मूळ प्रश्न. ‘माय लॉर्ड’ हटवण्यासाठी देवाचा आणि नॉर्मनांचा दाखला देण्याची काहीच गरज नाही, कारण त्याचे खरे कारण सरळ आहे आणि ते नोंदवलेलेही आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेने 2006 साली आपल्या नियमांत भर घालून सर्वोच्च व उच्च न्यायालयांसाठी ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, आणि खालच्या न्यायालयांसाठी ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतील तत्सम शब्द सुचवला, आणि जुनी संबोधने वसाहतकाळाचे अवशेष असल्याचे तेथेच म्हटले. जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, ज्यात नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते, हे संबोधन कधीच सक्तीचे नव्हते, न्यायालयाला सन्मानाने संबोधले म्हणजे पुरे, असे सांगितले. जुलै 2019 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने पूर्णपीठाच्या ठरावाने ते न वापरण्याची विनंती वकिलांना केली. ज्या राजपुतान्यात राजाला ‘अन्नदाता’ म्हणून हाक मारण्याची रीत होती, तेथेच हा ठराव व्हावा, याची मला मौज वाटते. अन्नदाता म्हणजे अक्षरशः ह्लाफोर्द.

मी स्वतः हे संबोधन नको म्हणतो ते याच कारणाने. शब्दात देव असता तर एकवेळ ती अलंकारिक स्तुती म्हणून सोडून देता आली असती. पण त्यात भाकरी आहे, आणि भाकरी देणाऱ्यासमोर उभा राहणारा माणूस हा भाकरी खाणारा ठरतो. न्यायाधीश पक्षकाराला भाकरी देत नाही. पक्षकार तेथे उचल मागायला आलेला नसतो, तो आपला हक्क सांगायला आलेला असतो. आमच्या तालुका न्यायालयांतील मराठी अर्ज ‘मे.’ या अक्षराने सुरू होतात. तो ‘मेहेरबान’चा संक्षेप आहे, हे आता लिहिणाऱ्या कारकुनांनाही आठवत नसते. तोही शब्द त्याच जातीचा, आणि लेखकाला पुढचा लेख लिहायचा असेल तर त्याच्यावर अवश्य लिहावा.

पुरवणीच्या पुढच्या अंकात निदान दोन दुरुस्त्या छापाव्यात, अशी विनंती आहे: लॉर्ड्स मैदान टॉमस लॉर्डचे, आणि लाटसाहेब लाट देशाचा नव्हे. आमच्या गावच्या वाचनालयात शाळेची मुले वक्तृत्वासाठी आपल्या पुरवणीची कात्रणे काढून ठेवतात, आणि परवा त्यातील एकाने ही दोन्ही विधाने मला पाठ म्हणून दाखवली.

कळावे,

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन अनुवादक